भोईरबाईंच्या चौकशा

शाळेत रुजू झालो त्या दिवशी मधल्या सुट्टीत भोईरबाईंनी मला गाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, आधी कुठं होतास तेही विचारलं नाही. डब्याचं झाकण उघडता उघडता त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात कोन कुठं झोपतं रे?"

मी कराडकडचा. आमच्याकडेही माणसं चौकस असतात, पण पहिल्याच भेटीत कुणी अंथरुणापर्यंत पोचत नाही. मी "म्हणजे?" असं काहीतरी पुटपुटलो.

"म्हनजे झोपतानी. तू कुठं, बायको कुठं, पोर कुठं?"

चंदनसारला आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. एक खोली आणि हॉल. आई आणि मुलगी आतल्या खोलीत, आम्ही दोघं हॉलमध्ये, असं मी सांगून टाकलं. तेवढ्यानं बाईंचं समाधान झालं नाही. खिडकी कुणाच्या बाजूला, आई रात्री उठली तर कुणाला ओलांडून जाते, पाहुणे आले की कोण सरकतं, हे सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि मग माझ्या पोळीवर सुकटीची चटणी वाढली. "बरा हायेस तू," त्या म्हणाल्या. हे कशावरून ठरलं ते मला पुढं बऱ्याच महिन्यांनी कळलं.

आमची शाळा वसईजवळच्या सातिवलीतली, सरकारी, मराठी माध्यमाची. एका अंगाला बाटल्यांची झाकणं पाडणारा गाळा, दुसऱ्या अंगाला पुठ्ठ्याचं गोदाम, मागं टेकडीवर चढत गेलेल्या चाळी. इथली मुलं मात्र फार थोडी. बाकी सगळी गाळ्यांत कामाला आलेल्यांची पोरं. कुणी उत्तर प्रदेशातली, कुणी बिहारची, नेपाळची, ओडिशाची, काही परभणी-जालन्याकडची. हिंदी शाळा हायवेच्या पलीकडं. वर कागदोपत्री असं धरलेलं असतं, की पालक मुलांचं माध्यम विचार करून निवडतात. आमच्याकडं ते ट्रकना घाबरून निवडलं जाई.

भोईरबाई वसईच्याच. मिठागराच्या कडेचं गाव, आगरी घर. ठेंगण्या, सावळ्या, अंबाड्यात रोज एक सोनचाफा, आणि स्कूटरवर बसल्या की पाय कसेबसे जमिनीला टेकायचे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. शिक्षकांच्या खोलीत आल्या की चपला काढाव्यात तसा त्या 'ण' बाहेर काढून ठेवत. एकदा मी त्यावरून चेष्टा केली. त्यांनी मनावर घेतलं नाही, पण एक गोष्ट सांगितली.

"पहिलीत मी पानी मागितलं. गुरुजी बोलले, पाणी म्हन, मग देतो. सगळी पोरं हसली. मग मी मागितलंच नाय. चौथी होईस्तोवर घरी जाऊन प्यायची." सांगताना त्या हसत होत्या. मला काही हसू आलं नाही. "तहानेची सवय होते रे कदम. बोलायची हौस मोडली की मोडलीच."

त्यांच्यासारखी चौकशी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कामणच्या बाजूला नवं गोदाम उभं राहिलेलं दिसलं की स्कूटर थांबवून पहारेकऱ्याला आत काय ठेवतात ते विचारायच्या. कुठल्या गाळ्यात बकलं होतात, कुठं अगरबत्तीची खोकी, कुठं टिकल्यांची पाकिटं, सगळं त्यांना पाठ. आणि मुलांच्या बाबतीत तर विचारूच नका. एखादं पोर चार दिवस आलं नाही की आम्ही हजेरीत गैरहजर लिहून मोकळे होत असू. बाई संध्याकाळी त्याच्या दारात. एकच शब्द त्यांना खपत नसे, तो म्हणजे 'बिचारा'. आमच्यातलं कुणी कुणाला बिचारा म्हटलं की त्या फटकन म्हणायच्या, "बिचारा म्हनून मोकळे होऊ नका. बिचारा म्हनलं की पुढचं विचारायचं ऱ्हाऊन जातं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. नवं मूल आलं की त्याच्या हातात खडू द्यायचा आणि व्हरांड्यात फरशीवर त्याची खोली काढायला लावायची. दार कुठं, गॅस कुठं, पाण्याचा पिंप कुठं. मग बुचं घेऊन माणसं मांडायची. बाटल्यांच्या बुचांना आमच्याकडं तोटा नव्हताच. हे बूच बाबा, हे काका, हे गावचा माणूस, हे मी. भाषा येत नसली तरी हा खेळ प्रत्येक मुलाला जमे. मला आधी हा नुसता आगाऊपणा वाटला. मग दिलीपचं प्रकरण झालं.

दिलीप चौथीतला, जौनपूरकडचा. वर्गात यायचा आणि पहिल्या तासाला झोपायचा. मारून, उभं करून, तोंडावर पाणी मारून झालं. त्याच्या वर्गशिक्षकांनी "मतिमंद असावा" असा शेराही देऊन टाकला. बाईंनी त्याच्याकडून खोली मांडून घेतली, तर त्या एवढ्याशा चौकोनात बुचं मावेनात. बापाबरोबर आणखी बरेच जण राहत. निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रात्रपाळीचे. एकाचं अंथरूण उठलं की दुसऱ्याचं पडायचं. दिलीपनं स्वतःचं बूच हातातच धरून ठेवलं होतं. बाईंनी विचारलं, "हे कुठं?" त्यानं ते आधी दारात ठेवलं, मग जिन्यावर, मग परत हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून चटई आणली आणि वर्गातल्या कपाटामागं अंथरली. दिलीपनं येऊन पहिला तास तिथं झोपायचं, असं जाहीर झालं. नेमके त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. कपाटामागून बाहेर आलेले पाय पाहून ते दचकले.

"हा आजारी आहे का?"

"नाही साहेब, झोपला आहे."

"शाळेत?"

"हो. घरी त्याचा नंबर लागत नाही."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. बाईंनी ओठावर बोट ठेवून त्यांना खुणेनं सांगितलं, की हळू बोला. साहेब खरोखरच हळू बोलायला लागले, आणि त्या दिवसाची सगळी तपासणी कुजबुजत पार पडली. दिलीप वर्षाच्या शेवटी गुणाकार-भागाकार करत होता. मतिमंदाचा शेरा मात्र खोडायचं कुणाला सुचलं नाही.

मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आमच्याकडं आलं तेव्हा आम्ही सगळे मागच्या बाकांवर बसून पेंगायच्या तयारीत होतो. शिकवायला ऋचा नावाची एक तरुण समुपदेशक आली होती. गाव सोडून आलेल्या घरांतली मुलं दोन जगांत राहतात, घरचं एक, बाहेरचं एक, आणि दोन्हीकडचं ओझं त्यांच्याच डोक्यावर असतं, असं ती सांगत होती. बाई पहिल्या रांगेत. त्यांनी तिला इतके प्रश्न विचारले, की जेवणाच्या सुट्टीत त्या पोरीचा घास हातातच राहिला. ओझं म्हणजे नेमकं काय? कुणी दिलेलं? पोरांना ते कळतं का? ऋचा वैतागली नाही, उलट खुलली. तिनं जाताना बाईंना फोन नंबर दिला आणि आयुष्यभराची चूक केली. पुढं बाई तिला वाट्टेल तेव्हा फोन करून "हां, ते परवाचं राहिलं" अशी सुरुवात करायच्या.

आणि मग सस्मिताचं झालं. भोईरबाई कोण होत्या ते मला कळलं ते या मुलीमुळं.

सस्मिता ओडिशाची, गंजाम जिल्ह्यातली. तिसरीत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पाचवीत ती शाळेत सगळ्यांत गोड मराठी बोलत होती. स्वातंत्र्यदिनाचं सूत्रसंचालन तिचं, पाहुण्यांची ओळख तिची. आई घरीच असे. तिला ओडियाखेरीज काही येत नव्हतं. बाप झाकणांच्या गाळ्यात मशिनवर; मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. टेकडीवरच्या ओडिया चाळीत सगळी अशीच माणसं. त्यामुळं सस्मिता ही त्या चाळीची जीभ झाली. गॅसवाला आला, बोलवा सस्मिताला. कुणाचं आधार कार्ड अडलं, सस्मिताला न्या. शाळेत कुणी ओडिया पालक आला की मुख्याध्यापक तिला वर्गातून बोलावून घेत आणि कौतुकानं म्हणत, "ही आमची वकीलबाई." ती खुर्चीशेजारी उभी राहून मोठ्या माणसांची बोलणी इकडून तिकडे पोचवायची. तुमचा मुलगा नापास होणार आहे, हे तिच्याच वर्गातल्या मुलाच्या बापाला तिनंच सांगायचं. आम्हाला सगळ्यांना याचा अभिमान होता. भोईरबाईंनाही होता. शनिवारी चाळीत जाताना त्या तिला स्कूटरवर मागं बसवून न्यायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली ती बोलणंच थांबवून.

रुसली असेल, घसा बसला असेल, असं पहिल्यांदा वाटलं. ती रोज यायची, गणितं करायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची. विचारलं तर पाहायची, पण तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. मुख्याध्यापकांना वाटलं, डोक्यात हवा गेली. एका बाईंचं मत पडलं, की वयात येणाऱ्या पोरींचं असंच असतं. चाळीत तर तिला काहीतरी लागलंय असंच ठरलं होतं. कुणीतरी लिंबू उतरवून टाकलं, कुणी दंडात दोरा बांधला. घरीही ती बोलत नव्हती. मग एक दिवस तिचा बाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. होळीला गावचा माणूस जाणार होता, त्याच्याबरोबर तिला आजीकडं धाडायचं ठरलं होतं. तिथली शाळा लांब होती, म्हणजे शाळा संपली असाच त्याचा अर्थ. मुख्याध्यापक दाखला लिहायलाच बसले होते. बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"होळीला वेळ हाय अजून," त्या म्हणाल्या. "दाखला काय पळून जातो?"

बाईंनी सस्मिताला व्हरांड्यात नेऊन खडू दिला. हा खेळ तिनं तिसरीत खेळलेला होता, आणि तेव्हाचं बाईंना पक्कं आठवत होतं: आई, तिला चिकटून सस्मिता, मग धाकटा भाऊ, कडेला बाप. आता तिनं खोली काढली, तिघांची बुचं ठेवली आणि स्वतःचं बूच दाराच्या बाहेर ठेवलं. बाईंनी ते उचलून आईजवळ ठेवून पाहिलं. मुलीनं ते परत बाहेर नेलं.

"आईजवळ का नाय झोपत ही?" बाई मला विचारत होत्या. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

आईला विचारावं, तर आईशी बोलायचं कुणामार्फत? जिच्यामार्फत बोलायचं तीच मुकी झालेली. मी शहाणपणानं मोबाईल पुढं केला. त्यात मराठीत बोललं की ओडियात ऐकू येतं. आम्ही तिच्या घरी गेलो, बाई फोनमध्ये बोलल्या, आणि फोन एखाद्या साहेबाच्या आवाजात ओडिया बोलू लागला. ती माउली घाबरून पदर सावरत उभीच राहिली. बाईंनी फोन माझ्या खिशात कोंबला. "डबी कशाला मध्ये? बाईमानसाशी असं बोलतात?"

मग त्यांनी आपला मार्ग काढला. सुके बोंबील आणि सुकट घेऊन त्या रोज शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊन बसू लागल्या. गंजामच्या लोकांचाही सुक्या मासळीवर जीव. ते त्याला शुखुआ म्हणतात, हे ज्ञान बाई दुसऱ्या दिवशी मला देऊन गेल्या. दोघी शेजारी बसून बोंबलांची डोकी मोडायच्या, एकमेकींना आपापल्या भाषेत काहीतरी सांगायच्या, आणि दोघींनाही काही कळायचं नाही. सस्मिता कोपऱ्यात दप्तर घेऊन बसलेली असे. बाई तिला एक अक्षर विचारत नसत. तसं ऋचानं बजावलं होतं. बोलायला लावू नका, बोलली नाही म्हणून रागवू नका, बोललीच तर टाळ्या वाजवू नका. प्रश्न विचारल्याशिवाय राहणं भोईरबाईंना किती जड गेलं असेल, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

एका रविवारी बाप घरी सापडला. त्यानं हिंदीत सांगितलं, की दिवाळीत बायकोचं बाळ पोटातच गेलं, सातव्या महिन्यात. ती स्वतःही मरता मरता वाचली.

"पहले डॉक्टर को दिखाया नहीं था?"

"दिखाया ना मॅडम. डॉक्टर बोला, सब ठीक है. फिर दो दिन में इतना बुखार आया..."

"तुमको बोला डॉक्टर?"

"मैं तो ड्यूटी पे था. बेटी गई थी साथ में. बेटी ने बताया."

बाई तिथून उठल्या त्या थेट त्या दवाखान्यात. मी बरोबर होतो. डॉक्टर आधी काही सांगेनात. मग बाईंच्या चिकाटीपुढं त्यांचं काही चाललं नाही. त्यांना ती बाई आठवत होती, कारण दुसऱ्या दिवशी भरती व्हायला सांगूनही ती आली नव्हती. "मी स्पष्ट सांगितलं होतं," ते म्हणाले. "बाळाचे ठोके लागत नाहीत, बाळ गेलेलं आहे, उद्या सकाळीच भरती व्हायचं. बाईला समजत नव्हतं, म्हणून मुलीला सांगितलं. चुणचुणीत मुलगी आहे, म्हणाली, हो सांगते."

दवाखान्याबाहेर येऊन बाई रसवंतीच्या बाकावर बसल्या. रस आला, त्यांनी हात लावला नाही. "अकरा वर्षांची पोर," त्या म्हणाल्या. "तिनं आईला काय सांगायचं रे? कुठल्या तोंडानं?" आणि थोड्या वेळानं, "तिला वाटत असनार, आई मरायला लागली ती माझ्यामुळं. म्हनून बूच बाहेर." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. आम्ही सगळ्यांनीच त्या मुलीला वकीलबाई केलं होतं.

मग आईला हे सांगायचं की नाही, यावर बाई आणि ऋचा यांचं फोनवर बरंच चाललं. ठरलं ते असं, की आधी मुलीला विचारायचं. बाईंनी सस्मिताला शाळेमागच्या कट्ट्यावर नेलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला समजलंय. तू काही बोलू नकोस. मी आईला सांगू का? नको असेल तर नाही सांगणार." मग तिनं मान हलवली, हो म्हणून.

आता मधला माणूस हवा होता. चाळीत मुलं पैशाला पासरी होती, दोन्ही भाषा बोलणारी. बाईंनी एकाही मुलाला हात लावला नाही. सातिवलीच्या एका गल्लीत ओडिया कामगारांची खानावळ चालवणारी एक वयस्कर बाई होती. तिला सगळे माउसी म्हणत. हिंदी तिला झकास येत होती. तिला बाईंनी गाठलं.

रविवारी सकाळी माउसीच्या खोलीत आम्ही जमलो. चुलीवर भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं. बाईंनी मला दारात बसवलं, गाळ्यातलं कुणी मध्येच जेवायला येऊ नये म्हणून, आणि सस्मिताला आपल्या मांडीशी घेतलं. "आज तू काही सांगायचं नाही," त्या तिला म्हणाल्या. "आज मोठी माणसं सांगतील."

बाईंनी हिंदीत सगळं सांगितलं. माउसी थांबत थांबत ते ओडियात सांगत होती. आई खाली मान घालून ऐकत होती. सस्मितानं बाईंच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. सांगून संपलं. मग आई बोलायला लागली, अगदी हळू, आणि माउसी ऐकता ऐकता मध्येच थांबून डोळे पुसू लागली.

"क्या बोलती है?" बाईंनी विचारलं.

"बोलती है, इसको मालूम था," माउसी म्हणाली. "पेट में हिलना बंद हो गया था, वो दवाखाने जाने के पहले से. माँ को मालूम रहता है ना मॅडम. डॉक्टर का मुँह देखा तो पक्का हो गया. फिर लड़की बोली, माँ, अच्छा है, सो रहा है. लड़की का मुँह ऐसा हो गया था कि ये बोली, हाँ, सो रहा होगा. सोची, दिवाली तक बच्ची को ऐसा ही लगने दो."

आई मुलीचं दुःख टाळत होती, मुलगी आईचं, आणि दोघी मनातल्या मनात एकट्याच त्या बाळाला घेऊन बसल्या होत्या. आईनं हात पुढं केला. सस्मिता बाईंच्या मांडीवरून उठून तिच्या कुशीत शिरली आणि मोठ्यानं रडायला लागली. इतक्या महिन्यांत आम्ही तिचा आवाज ऐकला तो हा.

गावाला धाडायचंही आईनंच ठरवलं होतं. माउसीनं कारण सांगितलं: "उधर इसको किसी के लिए बोलना नहीं पड़ेगा."

"इधर भी नहीं पड़ेगा," बाई म्हणाल्या. "मैं बोलती हूँ ना. किसी के लिए नहीं."

असा शब्द देणं सोपं असतं. बाईंनी सोमवारी शाळेत येऊन मुख्याध्यापकांना सांगितलं, की यापुढं एकाही मुलाला दुभाषी म्हणून वर्गातून बोलवायचं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मग पालकांशी बोलायचं कोणी?" बाई म्हणाल्या, "मी." आणि त्या वयात त्यांनी माउसीची शिकवणी लावली. शाळा सुटली की खानावळीत कांदे चिरत ओडिया शिकायच्या. त्यांचं "भल अछ?", म्हणजे बरे आहात ना, ऐकून टेकडीवरची पोरं पोट धरून हसायची. बाईंना कुणाच्या हसण्याचं काही वाटत नसे. आधार कार्ड, रेशन, लसीकरण, सगळीकडं त्या स्वतः जायच्या. जिथं अडेल तिथं माउसीला फोन. एकदा मी म्हटलं, "बाई, सगळ्या चाळीचं तुम्ही एकट्या किती दिवस करणार?" त्या उखडल्या. "पोरगी एकटी करत होती तवा नाय विचारलंस!"

सस्मिता होळीला गेली नाही. बोलायला मात्र तिनं तिचा वेळ घेतला. उन्हाळी सुट्टी तोंडावर आली असताना एक दिवस मैदानात लगोरी चालली होती, आणि एका पोरानं तिची पाळी खाल्ली. "ए, माझी पाळी आहे!" असा खणखणीत आवाज आला. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे ताडकन उठलो. मुख्याध्यापक पेढे आणायला निघाले. बाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"बसा सगळे. कोनी बगू नका तिच्याकडं. भांडतेय ती, भांडू द्या."

आम्ही मुकाट्यानं बसलो. बाईंनी वह्या तपासायला घेतल्या, पण एकही पान उलटलं जात नव्हतं.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. पाहुण्यांनाच घरी कोण कोण असतं ते विचारत बसल्या. पुढं महिने गेले, भेट नाही. फोन केला तर "कामात हाय" म्हणायच्या. निवृत्त बाईला काय एवढं काम, असं वाटायचं.

परवा आईचं रक्त तपासायला वसईच्या सरकारी रुग्णालयात गेलो होतो. गरोदर बायकांच्या रांगेत अंबाड्यातला सोनचाफा दिसला. बाई बाकावर बसल्या होत्या, पाय अधांतरी, मांडीवर पिशवी, आणि शेजारी सस्मिताची आई. पुन्हा दिवस राहिलेले, चांगलं सात-आठ महिन्यांचं पोट. भोईरबाई तिला त्यांच्या त्या भयंकर ओडियात काहीतरी सांगत होत्या आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी हाक मारणार, एवढ्यात त्यांचा नंबर लागला. दोघी आत गेल्या. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी तपासलं, कागद पाहिले, आईला काही विचारलं, आणि तिला कळत नाहीसं बघून बाईंकडं वळल्या.

"हिला मोठी मुलगी आहे ना? तिला मराठी चांगलं येतं असं इथं लिहिलंय. तिला बोलवून घ्या, म्हणजे तिला नीट समजावून सांगते."

भोईरबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

"ती शाळेत गेलीय," त्या म्हणाल्या. "मना सांगा."